दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ म्हणतात. मग श्रीलंका-बांगलादेशाला लाभ का दिसत नाहीये?

केतकी_मस्जिदबंदर | रविवार, १४ सप्टेंबर २०२५

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलाय, वेळ काढून वाचा.

मी मस्जिद बंदरला एका फॉरवर्डरच्या, म्हणजे जहाजाने माल पाठवून देणाऱ्या एजंटच्या ऑफिसात एक्स्पोर्टची डॉक्युमेंट्स बघते, सात वर्षं झाली. इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, शिपिंग बिल, बीएल, सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन, दिवसभर हेच. यंदा २७ ऑगस्टला आमच्याकडे गणपती बसत होते आणि नेमकं त्याच दिवशी अमेरिकेचं भारतावरचं ५० टक्के शुल्क लागू झालं. भटजी प्राणप्रतिष्ठा करतायत आणि माझा फोन थांबायलाच तयार नाही. सगळ्यांचं एकच, मॅडम माझा माल कुठल्या रेटने सुटणार. नियम असा होता की माल २७ तारखेच्या आधी जहाजावर चढलेला पाहिजे आणि १७ सप्टेंबरच्या आत तिकडच्या कस्टम्समध्ये एंट्री झालेली पाहिजे, तरच आधीच्या २५ वर चढलेले जादा २५ टक्के माफ. आता न्हावाशेवा ते न्यूयॉर्क, लाल समुद्राचा रस्ता धोक्याचा झाल्यापासून बरीच जहाजं आख्ख्या आफ्रिकेला वळसा घालून जातात, महिना सव्वा महिना सहज धरायचा. म्हणजे २० ऑगस्टला निघालेला कंटेनरसुद्धा यात बसत नाही. भिवंडीच्या एका क्लायंटचे लेडीज टॉप्स होते, ६४० कार्टन. त्यांना फोनवर हे समजावून सांगितलं तेव्हा ते बराच वेळ काही बोललेच नाहीत, मागून फक्त शिलाई मशिनींचा आवाज येत होता.

मग मागच्या आठवड्यात बायरचा मेल आला की पुढच्या सीझनची ऑर्डर ते बांगलादेश आणि श्रीलंकेत वाटणार, कारण तिथे ऑगस्टपासून २० टक्के लागलंय. मला वाटलं ठीक आहे, आमचं गेलं पण त्यांचं तरी भलं झालं. कोलंबोत आमचे कंटेनर ट्रान्सशिपमेंटला, म्हणजे जहाज बदलायला उतरतात, तिथल्या एजंटच्या ऑफिसातली एक मुलगी माझ्या चांगली ओळखीची आहे, तिला म्हटलं अभिनंदन, तुमच्याकडे काम येतंय. तर ती म्हणाली अभिनंदन कसलं, माझी बहीण काटुनायकेच्या झोनमध्ये शिवणकामाला आहे, तिला एप्रिलपासून महिन्या-महिन्याच्या बोलीवर ठेवलंय, पर्मनंट कुणालाच करत नाहीत. एप्रिलमध्ये आमच्यावर ४४ टक्के सांगितले, जुलैत ३० झाले, ऑगस्टमध्ये २०, पुढच्या महिन्यात काय असेल ते मालकालाही माहीत नाही.

तेव्हापासून डोक्यात हेच आहे. भांडण अमेरिका आणि चीनचं, आता त्यात आपणही ओढले गेलो. पण ज्या छोट्या देशांनी कुणाचं काही वाकडं केलं नाही त्यांचं यात नक्की काय होतं? त्यांना फायदा होतो की तेही भरडले जातात? पुस्तकी नको, ज्यांनी जवळून बघितलंय त्यांनी सांगा प्लीज.

उरणकर 

केतकीताई, मी ३१ वर्षं कस्टम्स क्लिअरिंगमध्ये आहे, द्रोणागिरी साइडच्या बहुतेक सगळ्या सीएफएसमध्ये, म्हणजे कंटेनरच्या गोदामांत, उभं राहून झालंय. तुमच्या कोलंबोच्या मैत्रिणीचं बरोबर आहे आणि त्याचं कारण आकड्यात कमी, पद्धतीत जास्त आहे.

शुल्क कायद्याने भरतो तिकडचा इम्पोर्टर. पण तो भरतो म्हणजे तो सोसतो असं नाही. तो पहिला मेल पाठवतो सप्लायरला, की एवढे टक्के वाढलेत, निम्मे तुम्ही घ्या. सप्लायर मोठ्या देशातला असेल, त्याच्याकडे चार गिऱ्हाईकं असतील, घरचं मार्केट असेल, तर तो थोडं तरी ताणून धरू शकतो. बांगलादेशातला माणूस काय ताणणार? त्यांच्या एकूण निर्यातीत ८० टक्क्यांच्या वर नुसते कपडे, त्या धंद्यात जवळजवळ ४० लाख लोक, बहुतेक बायका, आणि एकट्या अमेरिकेचं गिऱ्हाईक वर्षाला ८ अब्ज डॉलरच्या पुढे. तो नाही म्हणाला तर बायर कंबोडियाला जाईल, तिथे ऑगस्ट २०२५ मध्ये १९ टक्के ठरलेत. त्यामुळे तो हो म्हणतो आणि मग ते पैसे कुठून काढतो, तर ओव्हरटाइममधून, नवीन मशिन पुढे ढकलून, पगारवाढ टाळून.

आणखी एक, हे २० टक्के जुन्या शुल्काच्या डोक्यावर आहेत हां. कपड्यांवर अमेरिकेत आधीपासूनच साधारण १५-१६ टक्के ड्युटी बसत होतीच, म्हणजे बेरीज ३५ च्या पुढे गेली. पेपरात फक्त २० छापून येतं.

आणि ते २० तरी फुकट मिळाले का? बांगलादेशावर एप्रिलमध्ये ३७ सांगितले होते, जुलैत ३५ चं पत्र आलं, तिथून २० वर यायला त्यांनी काय काय कबूल केलं बघा. पाच वर्षं दरवर्षी ७ लाख टन अमेरिकन गहू, २५ बोइंग विमानं, शिवाय अमेरिकन कापूस जास्त घेऊ असं. आता गहू त्यांना लागतोच, कापूसही लागतो, पण कुठून घ्यायचा हे आजवर भाव बघून ठरत होतं, आता ते शुल्क बघून ठरणार. अमेरिकन मालाचा हिस्सा २० टक्क्यांच्या वर असेल तर तेवढ्या भागाला नवीन शुल्क नाही अशी एक तरतूद आहे म्हणून तिथल्या गिरण्या आता अमेरिकन कापसाचा हिशेब लावत बसल्यात. मोठा देश बोलणी करताना घासाघीस करतो. लहान देशाला यादी मिळते, तीच घेऊन दुकानात जायचं.

अनिश्चिततेबद्दल तर बोलायलाच नको. रेट ५ असो की २५, एकदा कळला की माणूस त्यात बसवतो, कॉस्टिंग करतो. पण जहाज समुद्रात असताना रेट बदलतो तेव्हा कॉस्टिंग करणार कशावर? तुम्ही स्वतःच बघितलंत.

ठाण्याचा_निखिल 

सगळेच रडगाणं गातायत म्हणून दुसरी बाजू मांडतो, राग नका मानू. व्हिएतनामचं काय मग? २०१८ मध्ये अमेरिकेने चीनवर पहिलं २५ टक्के लावलं, ६ जुलै २०१८, ३४ अब्ज डॉलरच्या मालावर. त्या वर्षी अमेरिका व्हिएतनामकडून साधारण ४९ अब्ज डॉलरचा माल घेत होती, २०२४ मध्ये तोच आकडा १३६ अब्जांवर गेला. सहा वर्षांत जवळजवळ पावणेतीन पट!! मेक्सिको २०२३ मध्ये चीनला मागे टाकून अमेरिकेचा एक नंबरचा सप्लायर झाला. सोयाबीन घ्या, चीनने अमेरिकन सोयाबीनवर २५ टक्के लावल्याबरोबर ब्राझीलच्या शेतकऱ्यांची चांदी झाली. म्हणजे म्हण खरीच आहे ना, दोघांचं भांडण तिसऱ्याचा लाभ, फक्त तिसरा तयार पाहिजे. व्हिएतनामने रस्ते, बंदरं, वीज, करार सगळं आधी करून ठेवलं होतं. आपण आणि बाकीचे करत नाही आणि मग अमेरिकेच्या नावाने बोटं मोडतो. कष्ट केले तर संधी आहे, मला तरी असं मनापासून वाटतं.

उरणकर 

निखिल, तयारीचं तुझं शंभर टक्के मान्य, तिथल्या हायफाँग बंदरात मी स्वतः जाऊन आलोय, तिथली शिस्त बघून हेवा वाटतो. पण पुढचं पान पण वाच ना. व्हिएतनामच्या निर्यातीतला ७० टक्क्यांहून जास्त वाटा परदेशी कंपन्यांच्या कारखान्यांचा आहे. आतले सुटे भाग, कापड, चिप, बरंचसं चीनमधून येतं. म्हणजे आकडा १३६ अब्ज दिसतो, देशात मागे राहतो त्याच्यापेक्षा खूप कमी. आणि अमेरिकेने बघितला तो आकडा, मागे किती राहिलं ते नाही बघितलं. २ एप्रिलला व्हिएतनामच्या नावापुढे ४६ टक्के लिहिले, चीनच्या पहिल्या यादीतल्या ३४ पेक्षा जास्त! नंतर २० वर आणले पण सोबत एक ओळ जोडली, दुसऱ्या देशाचा माल फिरवून पाठवला असं ठरलं तर ४० टक्के. आता फिरवून म्हणजे किती फिरवून, आतला किती टक्के माल चिनी चालेल, हे सप्टेंबर २०२५ उजाडला तरी धड लिहून दिलेलं नाही. आमच्या धंद्यात सगळ्यात जास्त भीती याचीच, रेट माहीत आहे पण आपला माल कुठल्या रेटमध्ये मोडतो हे माल तिकडे उतरल्यावर कळणार.

तिसऱ्याला लाभ होतो रे, पण फार लाभ झाला की तोच तिसरा पुढच्या भांडणात दुसरा होतो.

गिरगावचा_म्हातारा 

मी बँकेतून रिटायर होऊन १४ वर्षं झाली, संध्याकाळी ओव्हल मैदानाला चक्कर मारतो तेव्हा राजाबाई टॉवर समोर असतो. केतकीबाळ, तुझ्या प्रश्नाचं एक उत्तर त्या टॉवरच्या दगडात आहे असं मला नेहमी वाटतं, म्हणून जरा मागे जाऊन सांगतो.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी सुरू झाली. उत्तरेच्या नौदलाने दक्षिणेची बंदरं अडवली, कापूस बाहेर पडेना. इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्या बहुतांशी त्याच कापसावर चालायच्या. मग ते धावले मुंबईकडे आणि इजिप्तकडे. भांडण तिसऱ्याच देशातलं, आपला त्यात काडीचा संबंध नाही आणि अचानक मुंबईत पैशाचा पूर आला. कुलाब्याला कापसाच्या गासड्या ठेवायला जागा पुरेना. रोज नवी बँक, रोज नवी कंपनी, समुद्र भरून जमीन काढायच्या कंपन्या तर कितीतरी, बॅकबे रेक्लमेशनचा ५,००० रुपयांचा शेअर ५०,००० च्या घरात गेला. शेअर दलाल प्रेमचंद रायचंद त्या सगळ्याच्या मध्यभागी, त्यांनीच दिलेल्या देणगीतून पुढे हा टॉवर उभा राहिला, आईचं नाव दिलं.

एप्रिल १८६५ मध्ये तिकडचं युद्ध संपलं. अमेरिकन कापूस परत बाजारात येणार म्हटल्यावर भाव कोसळले आणि १ जुलै १८६५ ला मुंबईत जे व्हायचं ते झालं. शेअर रद्दी, बँका बंद, पुढे बँक ऑफ बॉम्बेसुद्धा बुडाली. हे शहरातलं झालं. पण मला जास्त लागतं ते घाटावरचं. कापसाला भाव आहे म्हणून सावकारांनी शेतकऱ्यांना हात सैल सोडून कर्ज दिलं, भाव गेल्यावर कर्ज तसंच राहिलं, वर सरकारने सारा वाढवला. दहा वर्षांनी, मे १८७५ मध्ये, पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकरी उठले आणि त्यांनी सावकारांचे दस्त नि कर्जखतं जाळली. अमेरिकेतलं न्यू ऑर्लिन्स बंदर कुठे आणि सुपे कुठे!

आणि इजिप्तचं याहून वाईट. कापसाचा पैसा असाच येत राहणार असं धरून त्यांनी रेल्वे, कालवे, राजवाडे यांच्यासाठी युरोपातून वारेमाप कर्ज उचललं. १८७६ ला कर्जाचे हप्ते थांबले, १८८२ ला ब्रिटिश फौजा देशात उतरल्या. लाभाची चार-पाच वर्षं आणि त्यापायी पुढे कितीतरी वर्षांची पारतंत्र्याची किंमत.

म्हणून मी म्हणतो, दुसऱ्यांच्या भांडणातून आलेली ऑर्डर ही आपल्या मालाची मागणी नव्हे. ती त्यांची अडचण आहे, अडचण संपली की ऑर्डर संपते. श्रीलंकेने २०२२ मध्ये कर्ज बुडवलंय, अजून आयएमएफच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या हप्त्यांवर उभी आहे. तिथला कारखानदार आलेल्या ऑर्डरीच्या जोरावर नवीन शेड बांधत नसेल, मुली पर्मनंट करत नसेल, तर मला त्याचा राग येत नाही. त्या मुलींचं मात्र वाईट वाटतं.

सेटर_मरोळ 

काका तुमचं वाचून अंगावर काटा आला. मी सीप्झमध्ये, म्हणजे अंधेरीच्या निर्यात झोनमध्ये, हिरे सेटिंगला आहे, १९ वर्षं. आमच्या युनिटचा जवळजवळ सगळाच माल अमेरिकेला जातो, ख्रिसमसची ऑर्डर ऑगस्ट सप्टेंबरमध्येच चालते, दरवर्षी या दिवसांत रात्री दहाला सुटायचो, घरी जेवायला कधी वेळेवर नसायचो. या वर्षी सहाला सुटतोय. पोरगी विचारते बाबा लवकर कसे. काय सांगणार. ओव्हरटाइम गेला म्हणजे पगाराचा तिसरा हिस्सा गेला, माझ्या शेजारच्या टेबलावरचे दोघं कास्टिंगचे गावी गेलेत, गणपतीला गेले ते आलेच नाहीत, शेठ म्हणाले बोलावतो.

प्रश्न लहान देशांचा आहे म्हणून सांगतो, आमच्याकडे दगड जिथून येतो तो आफ्रिकेतला बोत्स्वाना. नकाशात पण सापडायला वेळ लागतो. त्यांची ८० टक्के निर्यात म्हणजे हिरे. त्यांच्यावर एप्रिलमध्ये ३७ टक्के लावले, ऑगस्ट २०२५ मध्ये १५ केले, पण नुसते त्यांचे १५ बघून चालत नाही ना. त्यांचा कच्चा माल सुरतेला येतो, तिथे घासला जातो, मग आमच्याकडे दागिन्यात बसतो आणि न्यूयॉर्कला जातो. आमच्यावर ५० लागले की सुरतची घंटी, म्हणजे हिरे घासायची चक्की, थांबते, घंटी थांबली की त्यांची खाण थांबते. लॅबमधल्या हिऱ्याने आधीच कंबर मोडली होती, चीनची मागणी पण गेलेली, त्यात हे. ऑगस्टच्या शेवटी त्यांच्या राष्ट्राध्यक्षांनी आरोग्य आणीबाणी जाहीर केली, हॉस्पिटलमध्ये औषधं संपली म्हणून. हिऱ्याचा पैसा आला नाही तर औषधाला पैसा नाही. मी ज्या टेबलावर बसतो तिथून त्या हॉस्पिटलपर्यंत एकच धागा आहे हे मला या वर्षी कळलं, १९ वर्षांत कळलं नव्हतं.

भूगोलवाल्या_बाई 

मी दादरला शाळेत शिकवते. लेसोथोचा विषय कुणीच काढला नाही म्हणून लिहिते, कारण सगळ्यात मोठा आकडा त्या बिचाऱ्या देशाच्या वाट्याला आला होता, ५० टक्के. चारी बाजूंनी दक्षिण आफ्रिका, मध्ये हा डोंगराळ चिमुकला देश, लोकसंख्या २३ लाखांच्या आसपास, आपल्या ठाणे जिल्ह्यात याच्या कितीतरी पट माणसं राहतात. तिथल्या बायका कारखान्यांत जीन्स शिवतात, त्या अमेरिकेत विकल्या जातात.

मुलांना मी तो हिशेब फळ्यावर करून दाखवला, चालला तर तुम्ही पण वापरा. २०२४ मध्ये अमेरिकेने लेसोथोकडून साधारण २३ कोटी ७० लाख डॉलरचा माल घेतला आणि लेसोथोने अमेरिकेकडून घेतला फक्त २८ लाखांचा. दोन्हींतला फरक घ्यायचा, त्याला अमेरिकेच्या आयातीने भागायचं, येतात जवळजवळ ९९ टक्के. याला म्हटलं यांनी आमच्यावर लावलेलं शुल्क, आणि त्याच्या निम्मे म्हणून ५०! शुल्काचा यात काही संबंधच नाही. माझ्या वर्गातल्या आठवीच्या मुलाने हात वर करून विचारलं, बाई, पण त्यांच्याकडे पैसे नसतील म्हणून ते कमी घेत असतील ना? जे पोराला कळलं ते त्या सूत्रात कुठेच नव्हतं.

पुढे ते १५ वर आलं. पण मधल्या चार महिन्यांत बायर थांबले, कारखान्यांनी माणसं काढली, जुलैत त्या सरकारने बेरोजगारीमुळे राष्ट्रीय आपत्ती जाहीर केली. वर अमेरिकेचा आफ्रिकेसाठीचा २००० सालापासूनचा बिनशुल्काचा कायदा, आगोआ म्हणतात तो, त्याची मुदतही ३० सप्टेंबर २०२५ लाच संपत होती.

कुणीतरी विचारेल मग डब्ल्यूटीओ, म्हणजे जागतिक व्यापार संघटना, कशाला आहे. त्याचंही ऐका. अँटिग्वा आणि बार्बुडा, लाखभर वस्तीचा बेटांचा देश, ऑनलाइन जुगाराच्या प्रकरणात अमेरिकेविरुद्ध डब्ल्यूटीओत गेला आणि चक्क जिंकला. २००७ मध्ये ठरलं की वर्षाला २ कोटी १० लाख डॉलरपर्यंत उलट कारवाई करायचा तुम्हाला हक्क. पण कारवाई करणार कशी? अमेरिकन मालावर शुल्क लावलं तर अमेरिकेला कळणारसुद्धा नाही, महाग होईल ते अँटिग्वाच्या लोकांनाच. निकाल हातात, वापरायची ताकद नाही. आणि डब्ल्यूटीओचं अपिलाचं खंडपीठ तर डिसेंबर २०१९ पासून बंदच आहे, अमेरिकेने नेमणुका अडवल्या म्हणून. मोठ्यांना कोर्ट नसलं तरी चालतं. लहानांना कोर्टाशिवाय दुसरं होतंच काय?

कांदाबटाटा_वाशी 

बाई फार छान समजावलंत. पण मला एक बोचणारं बोलायचंय, आपल्याच लोकांबद्दल आहे, समजून घ्या.

अमेरिका आपल्याला जे करते ते आपण बांगलादेशाला केलंच की. माझा वाशी मार्केटला गाळा आहे, वडिलांपासून कांदा. सप्टेंबर २०१९ ला दिल्लीने एका रात्रीत कांद्याची निर्यात बंद केली, तेव्हा शेख हसीना पंतप्रधान होत्या, दिल्लीत आल्या तेव्हा भर कार्यक्रमात म्हणाल्या की मी स्वयंपाक्याला सांगितलंय जेवणात कांदा घालू नको, निदान आधी कळवत तरी जा. सगळे हसले. मला नाही हसू आलं. ऑगस्ट २०२३ ला ४० टक्के निर्यातशुल्क, ८ डिसेंबर २०२३ ला पुन्हा पूर्ण बंदी, मे २०२४ पर्यंत. लासलगावचा शेतकरी मेला आणि ढाक्याचा गिऱ्हाईकही मेला. त्यांनी काय केलं मग, पाकिस्तानचा घेतला, चीनचा घेतला, स्वतः पिकवायला लागले. आता आपण उघडलं तरी पूर्वीसारखी गाडी जात नाही.

आणि याच वर्षी १७ मेला आपण हुकूम काढला की बांगलादेशी तयार कपडे फक्त न्हावाशेवा आणि कोलकाता बंदरातूनच येतील, जमिनीवरच्या नाक्यांवरून नाही. त्यांनी आधी आपलं सूत जमिनीवरून अडवलं होतं हे खरं, त्यांची चूक नाही असं मी म्हणत नाही. पण जो माल ट्रकने सीमा ओलांडून यायचा तो आता जहाजाने कोलकात्याला, नाहीतर आख्खा भारत वळसा घालून मुंबईला आणायचा, यात दमछाक कुणाची होते ते सांगा. उरणकर, तुम्ही तर ते कंटेनर बघत असाल.

२० टक्क्यांनी बांगलादेशाला आपली ऑर्डर मिळाली म्हणून आपण चिडायचं, आणि नाक्यावर आपणच त्यांना अडवायचं, हे मला पटत नाही. आपण मध्ये आहोत. वरून मार खातो तेव्हा ओरडतो, खाली हात उगारतो तेव्हा आठवत नाही.

उरणकर 

बघतो हो, बघतो. तुमचं खरंय.

ठाण्याचा_निखिल 

मला हे कांद्याचं माहीतच नव्हतं एवढं. मी माझं तयारीचं म्हणणं सोडत नाही, पण लेसोथोने कसली तयारी करायची होती याचं उत्तर माझ्याकडे नाही. सेटरभाऊ, तुमच्यासाठी वाईट वाटतं. सीप्झमधलं कुणी सीएडी, म्हणजे कॉम्प्युटरवर दागिन्यांचं डिझाइन, शिकत असेल तर ठाण्यात माझा मित्र क्लास घेतो, फी घेणार नाही, मेसेज करा.

केतकी_मस्जिदबंदर | मंगळवार, १६ सप्टेंबर

सगळ्यांचे मनापासून आभार, दोन दिवस ट्रेनमध्ये हेच वाचतेय. गिरगावच्या काकांचं तर आईला वाचून दाखवलं, तिचं माहेर सुप्याजवळचं आहे, तिला ते दस्त जाळल्याचं तिच्या आजीने सांगितलेलं आठवत होतं पण अमेरिकेशी त्याचा संबंध आहे हे आम्हा दोघींना पहिल्यांदाच कळलं.

काय झालं ते सांगते. काल भिवंडीच्या क्लायंटचा फोन आला, आवाज जरा बरा होता. कोलंबोचा जो कारखाना ती ऑर्डर घेतोय त्यांना कापड यांच्याचकडून पाहिजे. कपडा जिथे शिवला तो त्याचा देश धरतात, कापड कुठलं का असेना, त्यामुळे आपल्या कापडाचा टॉप श्रीलंकेचा म्हणून २० टक्क्यांत जाणार. म्हणजे कापड विकलं जाईल. पण त्यांच्याकडे ज्या ४० बायका शिवायला बसतात त्यांचं काम गेलं, ते तिकडे काटुनायकेला गेलं, तेही महिन्याच्या बोलीवर. मी त्यांना विचारलं बायकांचं काय करणार, म्हणाले दिवाळीपर्यंत अर्ध्या ठेवतो, लोकल मालावर बसवतो, पुढचं बघू.

संध्याकाळी कोलंबोच्या मैत्रिणीचा मेसेज आला. बायरने त्यांच्याकडून प्रत्येक लॉटचं कटिंग रजिस्टर आणि शिवतानाचे फोटो मागितलेत, माल फिरवून आलेला नाही हे दाखवायला. तिच्या बहिणीचा फोटो आहे त्यात, मान खाली घालून बाही जोडतेय.

आज सकाळी पहिलं शिपिंग बिल केलं, ३१२ रोल कापड. पोर्ट ऑफ डिस्चार्जच्या रकान्यात हात सवयीने न्यूयॉर्क टाइप करायला गेला. खोडून कोलंबो लिहिलं.